परभणीचा उतारा आणि किल्लारीचं रान

“परदेशात सिद्ध झालंय म्हणतात, मग आपल्याकडे का सुरू करत नाहीत?” आरोग्यावर चार माणसं बोलायला बसली की हा प्रश्न येतोच. त्याच्या मागोमाग दुसरा येतो, जरा हळू आवाजात: “आणि सुरू केलं, तर पैसे पाण्यात नाही ना जायचे?”

पहिला प्रश्न पुराव्याचा, दुसरा पैशाचा. दोन्हींची उत्तरं एकत्र शोधणाऱ्या विद्येला आरोग्याचं अर्थशास्त्र म्हणतात. नाव भारदस्त आहे. काम मात्र बाजाराला निघालेल्या बाईचंच: पिशवी एक, पैसे मोजके, यादी लांब. या यादीतलं काय घ्यायचं ते ठरवायला आकडे लागतात. आकडे भागायचे कसे, हे कुणीही तासाभरात शिकेल. आकडा आला कुठून आणि तो आपल्या गावाला लागू पडतो का, हे ओळखणं अवघड. हे प्रकरण त्याबद्दल आहे.

१. न हलणारी जमीन

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी आणि आसपासची गावं कोसळली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचा जाड थर दिलेलं माळवद. उन्हाळ्यात गार ठेवणारी हीच घरं माणसांवर पडली.

त्या वेळी देशाचा जो भूकंप नकाशा होता, त्यात पाच विभाग होते आणि किल्लारी पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होती. नकाशा काढणाऱ्यांनी काही खोटं लिहिलं नव्हतं. जिथले भूकंप नोंदले गेले होते, तिथे धोका दाखवला. दख्खनच्या पठारावर अशा नोंदी फारशा नव्हत्या, म्हणून ते पठार स्थिर मानलं गेलं. किल्लारीत मात्र १९९२ सालीच धक्के जाणवत होते. लोक ते सांगतही होते. २००२ साली नकाशा बदलला, पहिला विभागच काढून टाकला गेला आणि हा भाग तिसऱ्या विभागात आला.

आरोग्याच्या पुस्तकात भूकंप कशाला, असं वाटेल. कारण इतकंच, की दुसरीकडच्या नोंदींवरून आपल्या जमिनीबद्दल बोललं की काय होतं, याचं याहून जवळचं उदाहरण मला माहीत नाही. आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. या भूकंपात किती माणसं गेली? कुठे ७,९२८ हा आकडा सापडतो, कुठे ९,७४८. सगळ्या जगाचं लक्ष लागलेल्या मृत्यूंची ही कथा, तर एखाद्या वस्तीवर, पावसाळ्यात, कर्करोगाने गेलेल्या म्हाताऱ्या बाईची नोंद कोण ठेवणार? हा प्रश्न पुढे लागणार आहे.

२. चांगला पुरावा, कामाचा पुरावा

परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या शेतात सोयाबीनच्या नव्या वाणाचा एकरी उतारा मोजला, असं समजा. शेजारीशेजारी वाफे, एकात नवं वाण, एकात जुनं. खत सारखं, पाणी सारखं, कोणत्या वाफ्यात काय पेरायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. नव्या वाणाचा उतारा जास्त आला. हा चांगला पुरावा आहे. फरक वाणामुळेच पडला, असं छातीठोक म्हणता येतं.

आता तेच बियाणं किल्लारीच्या एखाद्या मुरमाड, कोरडवाहू रानात नेलं. तिथे काळी कसदार जमीन नाही, वेळेवर फवारणी करणारा माणूस नाही, पावसाने वीस दिवसांची ओढ दिलेली. उतारा तोच येईल? बियाणं खोटं नाही, प्रयोग खोटा नाही. तरी उत्तर “सांगता येत नाही” असंच आहे.

पुरावा चांगला असणं म्हणजे तो जिथे गोळा केला तिथे खरा असणं. पुरावा कामाचा असणं म्हणजे आपल्याकडेही तो खरा ठरण्याची शक्यता असणं. या दोन वेगळ्या कसोट्या आहेत आणि पहिलीत पैकीच्या पैकी मिळवणारा पुरावा दुसरीत नापास होऊ शकतो. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. अहवाल लिहिणाऱ्यांना मात्र वारंवार सांगावं लागतं. त्यातले बरेच जण पहिल्या कसोटीचे गुण बघूनच समाधानी होतात.

उलट चूकही होते. “आमच्या गावात एकाला गुण आला” हा पुरावा अगदी आपल्या रानातला, पण एकाच ताटाचा. तो जवळचा आहे म्हणून चांगला ठरत नाही.

३. जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे

किल्लारी लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. थोडं दक्षिणेला सरकलं की धाराशिव जिल्हा लागतो, तेव्हाचा उस्मानाबाद. १९८२ पर्यंत तर लातूरही त्याच जिल्ह्याचा भाग होतं. या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ च्या सुमारास एक प्रयोग सुरू झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर, आपल्याकडच्या बोलीत पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरवर, जगात झालेल्या मोठ्या प्रयोगांत त्याची गणना होते.

पण त्याआधी बार्शीची वही. कर्करोगापासून किती बायका वाचल्या हे सांगायचं, तर आधी किती गेल्या ते माहीत हवं. खेड्यात मरणाचं कारण डॉक्टर लिहून देतोच असं नाही. १९८७ साली बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. भारतातली अशी ती पहिलीच. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके. शहरातल्या नोंदणीचे लोक रुग्णालयांच्या फायली चाळतात. इथे त्या फायलीच नव्हत्या. म्हणून नोंदणीची माणसं गावोगाव फिरली, लोकांशी बोलली, कोणती लक्षणं दिसली तर दाखवायला यायचं ते सांगत राहिली. काही वर्षांनी असं दिसलं, की या भागातल्या बायका आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यावरच दवाखान्यात येऊ लागल्या आहेत. मोजणाऱ्यांच्या नुसत्या येण्याजाण्याने मोजायची गोष्टच बदलली! शास्त्राच्या चौकटीत हा घोटाळा. गावाच्या दृष्टीने मात्र फायदाच.

या पायावर डॉ. बी. एम. नेने यांची बार्शीची तुकडी, मुंबईचं टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी प्रयोग उभा केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका. गावांचे ५२ गट पाडले आणि कोणत्या गटाला काय मिळणार ते चिठ्ठ्या टाकावी तसं ठरवलं. एका भागात एचपीव्ही या विषाणूची तपासणी. दुसऱ्यात पॅप, म्हणजे पेशी खरवडून काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. तिसऱ्यात सर्वांत स्वस्त उपाय: गर्भाशयमुखाला पातळ ॲसेटिक आम्ल लावायचं, शिरक्याच्या जातीचं, आणि मिनिटभराने पांढरा डाग उठतो का ते नुसत्या डोळ्यांनी बघायचं. चौथ्या भागात तपासणी नाही. माहिती आणि नेहमीची सेवा.

चिठ्ठ्या कशासाठी? आपणहून तपासणीला येणारी बाई आधीच स्वतःची काळजी घेणारी असते. तिची तुलना न येणारीशी केली, तर तपासणीचं श्रेय आणि तिच्या स्वभावाचं श्रेय एकमेकांत मिसळतं. म्हणून आलेल्या-न आलेल्या सगळ्याच बायका आपापल्या गटात धरून मृत्यू मोजले.

चौथ्या गटाबद्दल पुढे बरंच वादळ उठलं. अमेरिकेतले डॉ. एरिक सुबा यांनी विचारलं, की तपासणी उपयोगी पडते हे जगाला माहीत असताना हजारो बायकांना तिच्याविना का ठेवलं? तिथे आधीही तपासणी मिळत नव्हतीच, म्हणजे आम्ही काही काढून घेतलं नाही, अशी संशोधकांची बाजू होती. ती बाजू मला समजते, पण पूर्ण पटत नाही. तिथे पूर्वी काहीच नव्हतं, हे त्या बायकांचं दुर्दैव होतं. ती प्रयोगाची सोय होऊ नये.

४. पाटीवरचा भागाकार

निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ बायकांपैकी या कर्करोगाने ३४ दगावल्या होत्या. तपासणी नसलेल्या ३१,४८८ पैकी ६४. गट सारखे नाहीत, म्हणून लाखामागे काढू: पहिल्यात साधारण १००, दुसऱ्यात साधारण २०३. फरक १०३. म्हणजे अंदाजे ९७० बायकांसाठी कार्यक्रम राबवला, की आठ वर्षांत एक मृत्यू टळतो.

आता खर्च. याच प्रयोगातून २००५ मध्ये खर्चाचा हिशोबही मांडला गेला होता. त्या काळच्या किमतींत, कार्यक्रमाच्या कक्षेतल्या दर बाईमागे डोळ्यांच्या (म्हणजे आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी करायच्या) तपासणीला सुमारे ४ डॉलर, पॅपला साडेसहाच्या आसपास आणि एचपीव्हीला सुमारे १२ डॉलर. एचपीव्हीचं साहित्य बाहेरून यायचं, म्हणून ती महाग.

९७० गुणिले १२ म्हणजे साडेअकरा हजार डॉलरच्या आसपास. एक मृत्यू टाळण्याची ही किंमत. हिशोब कच्चा आहे. लवकर सापडल्यामुळे पुढच्या उपचारांचा वाचलेला खर्च यात नाही. पण रीत हीच: जास्तीचा खर्च, भागिले जास्तीचा फायदा. नव्या बियाण्याची पिशवी हजार रुपयांनी महाग असेल, तर शेतकरी पिशवीची किंमत एकूण पिकाशी ताडत नाही; त्या हजाराने किती क्विंटल वाढले ते विचारतो.

हीच रीत डोळ्यांच्या तपासणीला लावू. ३४,०७४ बायकांत ५६ मृत्यू, लाखामागे १६४. फरक ३९. म्हणजे सुमारे २,५६० बायकांमागे एक मृत्यू टळला. गुणिले ४, दहा हजार डॉलरच्या थोडं वर. अरेच्चा! ही तर एचपीव्हीपेक्षा स्वस्त पडली. निर्णय झाला?

इथेच थांबायचं असतं. तूर आणि हरभरा मिसळलेल्या एकाच पोत्यातून दोन मुठी भरा. दोन्हींत हरभऱ्याचे दाणे सारखे निघणार नाहीत. एकीत ५६, दुसरीत ६४ निघाले म्हणून कुणी पोती वेगळी होती म्हणत नाही. पण एकीत ३४ आणि दुसरीत ६४ निघाले, तर भुवया उंचावतात. संख्याशास्त्रज्ञ हे मोजून सांगतात. एचपीव्हीमुळे मृत्यू जवळपास निम्मे झाले, आणि योगायोगाला मोकळीक दिली तरी घट १७ ते ६७ टक्क्यांच्या दरम्यान होती. डोळ्यांच्या तपासणीसाठी हीच मोकळीक ४० टक्के घटीपासून थेट २५ टक्के वाढीपर्यंत पसरलेली होती. म्हणजे या प्रयोगापुरतं तरी, तिचा उपयोग झाला असं म्हणता येत नव्हतं.

भागाकार मात्र तरीही सुबक आला. भागाकाराला वरचा-खालचा आकडा किती डळमळीत आहे ते कळत नाही. तो आकडा मागतो आणि आकडा देतो. “एक जीव वाचवायला इतके रुपये” अशी ठळक ओळ दिसली, की मी आधी ती ओळ सोडून फायद्याचा आकडा किती माणसांवरून आला ते शोधतो. बहुतेक वेळा तिथेच पाणी मुरत असतं.

५. तोच थेंब, तीन ठिकाणं

मग डोळ्यांची तपासणी टाकाऊ का? थांबा. तामिळनाडूतल्या दिंडीगुल जिल्ह्यात आम्लाचा हाच थेंब वापरून झालेल्या प्रयोगात मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले. ते निष्कर्ष २००७ मध्ये आले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारकाने सुमारे दीड लाख बायकांवर केलेल्या प्रयोगात, २०१४ मधल्या निष्कर्षांनुसार, ३१ टक्के घट. तिन्ही प्रयोग मोठे, तिन्हींत चिठ्ठ्या. गुणवत्तेच्या पट्टीवर तिघेही वरच्या रांगेत. आणि उत्तरं वेगळी.

कारणं शोधताना प्रयोगाच्या आत शिरावं लागतं. मुंबईत दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना चार आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन तपासणीला उभं केलं होतं. आणि तपासणी एकदाच नव्हे, दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत झाली. एकीला चुकलेला डाग दुसऱ्या फेरीत सापडू शकतो. दिंडीगुलमध्ये प्रशिक्षित परिचारिका होत्या, फेरी एकच. पण त्या टापूत हा कर्करोग फार जास्त प्रमाणात होता. रोग जितका जास्त, तितकं त्याच जाळ्यात जास्त सापडतं. उस्मानाबादला फेरी एकच आणि रोग त्या मानाने कमी. शिवाय ही तपासणी बघणाऱ्याच्या डोळ्यांवर चालते. एचपीव्हीचं यंत्र बार्शीत आणि बर्लिनमध्ये सारखंच वाचतं. पांढरा डाग आहे की साधी सूज, हे मात्र बघणारीचा सराव ठरवतो.

पुराव्याची प्रतवारी करणारी एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, ग्रेड नावाची. तिच्यात चिठ्ठ्यांच्या प्रयोगाला सुरुवातीला वरची प्रत देतात आणि मग एकेक दोष दिसेल तशी ती उतरवतात: प्रयोग पक्षपाती होता का, निरनिराळ्या प्रयोगांची उत्तरं जुळतात का, योगायोगाची मोकळीक फार पसरट आहे का, नकोसे निष्कर्ष दडवले गेलेत का, आणि प्रयोगातली माणसं आपल्या माणसांसारखी आहेत का. आडत दुकानात धान्याचा ओलावा, माती, खडे बघून भाव उतरवतात, तसंच. शेवटचा प्रश्न गरीब देशांसाठी सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच घाईत उरकला जातो.

६. कोणता आकडा प्रवासाला टिकतो

विषाणू, औषध, शरीर यांचे आकडे बरेच टिकाऊ, धान्यासारखे. लांबून आणले तरी चालतात. विषाणूपासून कर्करोग व्हायला अनेक वर्षं लागतात, हे फिनलंडमध्ये खरं आणि औशातही खरं.

रोगाचं प्रमाण भाजीसारखं. जवळून आणलेलं बरं. दिंडीगुलचं प्रमाण धाराशिवला लावलं, तर फायदा फुगतो.

आणि खर्च? तो दुधासारखा. सकाळी आणला तर संध्याकाळी नासतो. श्रीमंत देशात परिचारिकेचा तास महाग आणि कापूस, बोळे, हातमोजे स्वस्त. मराठवाड्यात उलट: माणसाचा वेळ स्वस्त, बाहेरून आलेली पेटी महाग. तिकडचा हिशोब डॉलरचे रुपये करून इकडे लावला, की यंत्र वापरणं शहाणपणाचं आणि माणसं नेमणं उधळपट्टीचं वाटू लागतं. खर्चाचे आपले आकडे आपणच गोळा करायला हवेत, हे आपल्याकडे तसं उशिरा उमगलं. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली आरोग्य तंत्रज्ञानाचं मूल्यमापन करणारी यंत्रणा गेल्या दशकात उभी राहिली, आणि सरकारी दवाखान्यांत कशाला किती खर्च येतो याची देशी आकडेवारी चंडीगडच्या पीजीआय संस्थेने जमवायला घेतली.

खर्च कुणाचा, हेही विचारावं. समजा, किल्लारीची एक बाई पुढच्या तपासणीसाठी लातूरला निघाली. सरकारी वहीत तिची तपासणी मोफत. तिच्या वहीत एसटीचं जायचं-यायचं भाडं, बुडालेली सोयाबीन काढणीची रोजंदारी, सोबत आलेल्या जावेचा बुडालेला दिवस, दुपारचं खाणं. “उद्या या, डॉक्टर नाहीत” असं ऐकायला मिळालं, की हे सगळं दुप्पट. सुगीच्या दिवसांत ती दुसऱ्यांदा जात नाही. ती न जाणं खर्चाच्या रकान्यात दिसत नाही; फायद्याच्या रकान्यात मात्र एक आकडा गुपचूप कमी होतो.

आणि राबवणारी माणसं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना, आरोग्यदूतांना, नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ साली निष्कर्ष आले: नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, खर्च बाळामागे सुमारे ५.३ डॉलर. जगाने त्याची दखल घेतली आणि २०११ मध्ये आशा ताईंमार्फत ही कल्पना देशभर नेली गेली. पण गडचिरोलीत आरोग्यदूताच्या पाठीशी सतत देखरेख होती आणि तिच्या पिशवीत श्वासाचं साधन, तापमापक आणि इंजेक्शन होतं. आशा ताईच्या पिशवीत तेच सगळं असतं का? तिच्यावर बाकी किती कामं आहेत? गडचिरोलीचा ६२ टक्क्यांचा आकडा देशाच्या हिशोबात जसाच्या तसा घालणं, म्हणजे परभणीचा उतारा मुरमाड रानाला लावणं. कल्पना चुकीची नाही. मिळणारं पीक कमी धरायला हवं, इतकंच.

७. ऐंशी आणि दोन

आता पहिल्या प्रश्नाकडे: आपल्याकडे का सुरू करत नाहीत? केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी डोळ्यांची तपासणी सुचवली आहे, तीच पातळ आम्लाची. उस्मानाबादचा कौल तिच्या बाजूने नव्हता, पण दिंडीगुल आणि मुंबईचा होता. शिवाय ती प्राथमिक आरोग्य केंद्रात, यंत्राविना, तिथल्या तिथे होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही तपासणीला प्राधान्य दिलं. लातूरसारख्या जिल्ह्याचं नियोजन करणाऱ्याच्या टेबलावर हे दोन कागद शेजारीशेजारी असतात, आणि दुसऱ्याच्या मागे उस्मानाबादच्या त्या लाखभर बायका आहेत.

त्याने तिसरा कागदही उघडावा. उस्मानाबादच्या प्रयोगात ज्यांना तपासणीला बोलावलं, त्यांतल्या जवळपास ८० टक्के बायका आल्या. घरोघरी जाऊन, समजावून, गावात सोय करून आणलेल्या. आपण पाटीवर जो भागाकार केला, त्याच्या पोटात हे ८० टक्के आहेत. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांना विचारलं, की ही तपासणी तुम्ही आयुष्यात एकदा तरी करून घेतली आहे का. हो म्हणणाऱ्या १.९ टक्के निघाल्या.

तपासणी कोणती, हा वाद ४ डॉलर आणि १२ डॉलरमधला. ८० आणि २ यांच्यामधली दरी बुजवायला काय खर्च येईल, हा हिशोब किल्लारीत वेगळाच मांडावा लागेल: आशा ताईच्या एका फेरीचं मोल, पडदा असलेली एक खोली, तपासणाऱ्या बाईचा हजेरीचा वार, आणि तो वार काढणीच्या दिवसांत येतो की नाही.